ट्रिप रिप्रेसर: ट्रिप्टोफॅन बसल्यावर डीएनएवर पकड येते, ती नेमकी कशी?

वैदेही_मायक्रो
एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. लॅक ऑपेरॉनमध्ये (ऑपेरॉन म्हणजे एकत्र चालू-बंद होणारा जनुकांचा गट) इंड्यूसर हा छोटा रेणू येऊन बसला की रिप्रेसर, म्हणजे जनुकं बंद ठेवणारं प्रथिन, डीएनए सोडतो, हे समजलं. ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल बनवणाऱ्या ट्रिप ऑपेरॉनमध्ये उलटं: ट्रिप्टोफॅन बसल्यावरच रिप्रेसर ऑपरेटरला, म्हणजे डीएनएवरच्या त्याच्या ठरलेल्या जागेला, धरतो. नोट्समध्ये फक्त "आकार बदलतो" असं लिहिलंय. कुठला भाग बदलतो? आणि एवढ्याशा रेणूने डीएनए धरता कसा येतो? परीक्षेपुरतं उत्तर नको आहे.

जुना_मास्तर
वैदेही, तेवढ्या उत्तरावर थांबली नाहीस हे फार चांगलं केलंस. पुस्तकातल्या आकृतीत रिप्रेसर म्हणजे एक चौकोनी ठोकळा असतो. तो आधी डोक्यातून काढ.

ई. कोलाय या जिवाणूचा ट्रिप रिप्रेसर दोन सारख्या साखळ्यांचा असतो. दोन्ही जवळजवळ पूर्णपणे अल्फा हेलिक्सच्या (स्प्रिंगसारख्या वेटोळ्यांच्या) आणि एकमेकींत गुंतलेल्या. प्रत्येक बाजूला एक हेलिक्स-टर्न-हेलिक्स (वळणाने जोडलेल्या दोन हेलिक्स) आहे, त्यातली दुसरी हेलिक्स डीएनएच्या मेजर ग्रूव्हमध्ये, म्हणजे रुंद खोबणीत, शिरते. आता अंतर बघ. डीएनएचा एक वेढा सुमारे ३४ अँगस्ट्रॉमचा. दोन्ही बाजूंच्या हेलिक्स लागोपाठच्या दोन ग्रूव्हमध्ये एकदम शिरायच्या, तर त्यांच्यातलं अंतरही तेवढंच हवं. ट्रिप्टोफॅन नसतो तेव्हा त्या आतल्या बाजूला कललेल्या आणि सैल असतात. ट्रिप्टोफॅनचं इंडोल वलय मधला गाभा आणि ही हेलिक्स यांच्यात पाचरीसारखं बसतं आणि हेलिक्स योग्य कोनात बाहेर येते. असे दोन रेणू लागतात, प्रत्येक बाजूला एक.

हे पॉल सिग्लर यांच्या प्रयोगशाळेने स्फटिकांतून दाखवलं: १९८५ मध्ये ट्रिप्टोफॅनसह रिप्रेसर, १९८७ मध्ये त्याच्याशिवाय, १९८८ मध्ये ऑपरेटर डीएनएसह. तिसऱ्या रचनेने मला सगळ्यात जास्त चकित केलं. प्रथिन आणि बेस यांच्यात थेट बंध फारच थोडे, बरीचशी ओळख मधल्या पाण्याच्या रेणूंमार्फत होते. त्यावर पुढे वादही बराच झाला.

ऑपरेटर प्रमोटरच्या, म्हणजे जनुक वाचायला सुरुवात होते त्या जागेच्या, आतच आहे. त्यामुळे रिप्रेसर बसला की डीएनएवरून आरएनए बनवणाऱ्या आरएनए पॉलिमरेजला जागा उरत नाही आणि ट्रिप ई, डी, सी, बी, ए ही पाचही जनुकं थंडावतात.

फर्मेंटरवाला
सरांच्या उत्तराला प्रयोगातली जोड देतो. ट्रिप प्रमोटर वापरून प्रथिन बनवताना आम्ही इंडोल अ‍ॅक्रिलिक आम्ल घालायचो. ते ट्रिप्टोफॅनच्याच जागी बसतं, पण रिप्रेसर डीएनए धरत नाही. म्हणजे खाच नुसती भरून भागत नाही. इंडोल प्रोपिऑनिक आम्लाचंही तेच. ट्रिप्टोफॅनमधला अमिनो गट काढला की हे आम्ल उरतं. ते खाचेत उलटं फिरून बसतं आणि डीएनएच्या वाटेत येतं.

माध्यम मात्र जपून निवडा. एलबी या नेहमीच्या पोषक माध्यमात ट्रिप्टोफॅन भरपूर असतो, म्हणून आम्ही एम९ या साध्या क्षारांच्या माध्यमात कॅसअमिनो अ‍ॅसिड घालायचो. ते आम्लाने केसीन फोडून बनवतात आणि त्यात ट्रिप्टोफॅन नष्ट होतो.

वैदेही_मायक्रो
फार छान समजलं, दोघांचे आभार. मग ट्रिप्टोफॅन भरपूर असताना ऑपेरॉन पूर्ण बंद होतो का?

जुना_मास्तर
नाही. रिप्रेसर उत्पादन सुमारे ७० पट कमी करतो. त्यातूनही जे पॉलिमरेज निसटतं, त्याला चार्ल्स यानॉफ्स्की यांनी उलगडलेलं अ‍ॅटेन्युएशन आठ-दहा पट आणखी रोखतं. जनुकांच्या आधी बनणाऱ्या छोट्या लीडर पेप्टाइडच्या संदेशात ट्रिप्टोफॅनचे दोन कोडॉन (तीन अक्षरी संकेत) लागोपाठ आहेत. प्रथिन बनवणारा रायबोसोम तिथे अडखळला नाही, तर आरएनए बनणं जनुकांच्या आधीच थांबतं. दोन्ही मिळून सुमारे ७०० पट.

आता मेथिओनिनचा मेट जे रिप्रेसर वाच. तो मेजर ग्रूव्हमध्ये हेलिक्स घालतच नाही, बीटा पट्ट्या घालतो. आणि त्याचा साथीदार रेणू, एस-अ‍ॅडेनोसिल मेथिओनिन, डीएनएपासून दूरच्या बाजूला बसतो. त्याच्या बसण्याने आकार फारसा बदलत नाही, तरी पकड घट्ट होते. त्याच्यावरच्या धन प्रभारामुळे असं होतं, हे स्पष्टीकरण मला पटतं. तुझ्या नोट्समधलं "आकार बदलतो" तिथे लागू पडणार नाही.