बूस्टमध्ये टायमिंग एवढं कमी का? ४ डिग्री वाढवू का?

टर्बोवेडा

मंडळी, दोन आठवडे डोक्याचा भुगा झालाय. २ लिटर, चार सिलिंडर, टर्बो. स्टँडअलोन ईसीयू (कंपनीच्या जागी बसवलेला, स्वतः सेट करायचा इंजिनचा कॉम्प्युटर) बसवून महिना झाला, बेस मॅप (सुरुवातीची सेटिंग्ज) दुसऱ्या एकाकडून घेतला होता. फ्युएलचं बऱ्यापैकी जमलंय, १ बार बूस्टला (टर्बोनं भरलेल्या हवेचा दाब) लॅम्ब्डा (हवा-इंधनाचं प्रमाण) ०.८ च्या आसपास राहतो. पण इग्निशनचं टेबल उघडलं की काहीच झेपत नाही. क्रूझवर ३८ डिग्री ॲडव्हान्स (पिस्टन वर पोचायच्या किती आधी स्पार्क पडतो ते) आणि पाय दाबला की ४००० आरपीएमला फक्त १०?? मी तर ऐकलं होतं ॲडव्हान्स जास्त तेवढी पॉवर जास्त, मग जिथं पॉवर पाहिजे तिथंच हात आखडता कशाला?

बरं, मित्राकडे सेम इंजिन, तेवढाच बूस्ट, तेच पेट्रोल, आणि तो १४ वर मजेत चालवतो. माझं १० वर असून मधूनच नॉक (मिश्रण आपोआप पेटून होणारी खडखड) दाखवतं आणि ईसीयू २-३ डिग्री मागे ओढतो. सेन्सर खोटं बोलतोय का? सरळ ४ डिग्री टाकून बघू का?

पाना१३

टाक बिनधास्त. नॉक सेन्सर कशाला दिलाय मग, जास्त झालं तर ईसीयू ओढेल की मागे.

जुना_फिटर

टर्बोवेडा, वरच्या सल्ल्यावर जाऊ नकोस रे. सेन्सर नॉक झाल्यावर ऐकतो, व्हायच्या आधी नाही. म्हणजे एक-दोन ठोके पिस्टनने खाल्ल्यावरच ईसीयूला जाग येणार. बूस्टमध्ये तेवढ्यानेही रिंग लँड (रिंगांमधली कडा) तुटलेला पिस्टन मी हातात धरून बघितलाय.

आता तुझा मूळ प्रश्न. स्पार्क पडला की आत स्फोट होतो असं सगळे म्हणतात, तसं काही नसतं. प्लगपाशी आग लागते आणि ती भिंतीकडे पसरत जाते, त्याला वेळ लागतो. ४००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात २४ डिग्री फिरतो, म्हणून पिस्टन वर पोचायच्या आधीच काडी लावावी लागते. दाब सगळ्यात जास्त कधी पाहिजे तर टीडीसीच्या (पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा) पुढं साधारण १२ ते १६ डिग्रीला. सायकलचं पेडल बरोबर वर असताना त्यावर उभा राहिलास तरी सायकल हलत नाही, जरा पुढं गेलं की मग जोर लागतो ना, तसंच हे. लवकर पेटवलं तर वर येणाऱ्या पिस्टनलाच आग खाली दाबते, उशिरा पेटवलं तर पिस्टन पळून गेल्यावर दाब येतो.

क्रूझवर सिलिंडरमध्ये मिश्रण विरळ असतं, जुना धूरही थोडा उरलेला असतो, आग रमतगमत चालते म्हणून ३८. बूस्टमध्ये तेच मिश्रण दाटीवाटीनं भरलेलं, आग भराभर पसरते, तिला एवढी आघाडी लागतच नाही. म्हणजे १० हा आकडा कंजूषपणा नाहीये, तिथं पुष्कळसं काम आग स्वतःच लवकर उरकते. आणि उरलेलं कारण म्हणजे नॉक. आग पोचायच्या आधी कोपऱ्यातलं मिश्रण दाबानं आणि उष्णतेनं आपोआप पेटतं, तो जो टणटण आवाज येतो तो त्याचा. टॉर्कच्या शिखरापाशी सिलिंडर सगळ्यात जास्त भरतो म्हणून टेबलात तिथं खड्डा दिसतो, पुढं रेड लाइनकडे टायमिंग परत चढतं.

टर्बोवेडा

दादा हे भारी समजावलंत, पेडलवालं डोक्यात बसलं. मग उलट करू का, १० वरून ६ वर आणतो, पॉवर गेली तर गेली पण सेफ तर होईल ना?

जुना_फिटर

तेही फुकट नाही. उशिरा पेटलेली आग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडला तरी जळतच असते, ती उष्णता सरळ मॅनिफोल्ड आणि टर्बाइनच्या डोक्यावर. रॅलीच्या गाड्यांत अँटीलॅग (पाय काढला तरी टर्बो फिरत ठेवायची युक्ती) मुद्दाम असाच करतात आणि म्हणूनच त्यांचे टर्बो लवकर जातात. बूस्ट १ बार ठेवून टायमिंग फार मागे नेण्यापेक्षा बूस्ट ०.८ कर आणि टायमिंग जागेवर ठेव, गाडी जास्त खूश राहील. साबनं १९८० च्या दशकात एपीसी नावाची सिस्टिम आणली होती, तीसुद्धा नॉक ऐकू आला की बूस्टच कमी करायची. (जुन्या साबचा विषय निघाला की मी थांबत नाही, तरी आवरतो.)

लॅम्ब्डाताई

फिटरकाकांचं सगळं पटलं, पण मला खटकतंय ते वेगळंच. सेम इंजिन, सेम पेट्रोल, मित्र १४ वर गप्प आणि तू १० वर खडखडतोयस. सेन्सरवर संशय घ्यायच्या आधी मला सांग, तुझे १० खरंच १० आहेत कशावरून? लॉगमध्ये दिसतं ते ईसीयूला *वाटतं* तेवढं टायमिंग. क्रँकवर प्रत्यक्षात किती आहे ते टायमिंग लाइटशिवाय कळत नाही. मॅप दुसऱ्याकडून घेतलास ना, ट्रिगरचं (क्रँक कुठं आहे ते ईसीयूला सांगणाऱ्या दातेरी चाकाचं) सेटिंगही त्याच्याच गाडीचं आलं असणार.

असं कर. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर लॉक कर. पहिल्या सिलिंडरची कॉइल वर काढून ठेव, कॉइल आणि प्लगच्या मध्ये जुन्या गाडीची प्लग वायर जोड आणि लाइटचा चिमटा त्या वायरवर लाव, कॉइल थेट प्लगवर बसलेली असेल तर चिमट्याला दुसरी जागाच नसते. पण त्याच्याही आधी पुलीवरची खूण खरी आहे का ते बघ. पुलीच्या बाहेरच्या कड्याखाली रबर असतं, वय झालं की कडं सरकतं आणि खूण भलतीकडेच जाते. प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घालून दोन्ही बाजूंनी मोजायचं आणि मधोमध टीडीसी धरायचं. मग आयडलला बघ, आणि ४००० ला नेऊनही बघ. खूण जागची हलली नाही पाहिजे. आयडलला बरोबर आणि वर सरकतेय असं झालं तर क्रँक सेन्सरच्या वायरी उलट आहेत का ते आधी तपास.

आणि एक, "ॲडव्हान्स जास्त तेवढी पॉवर" हे एका हद्दीपर्यंतच खरं. टॉर्कचा डोंगर माथ्यावर सपाट असतो, शेवटच्या दोन-तीन डिग्रीत हाताला काही लागत नाही, दाब मात्र वाढत जातो. साध्या पेट्रोलवर बूस्टमध्ये आपण बहुतेक वेळा त्या माथ्यावर पोचतच नाही, नॉक आधी आडवा येतो. ई८५ वर (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) उलट होतं, नॉक ऐकूच येत नाही आणि माणूस माथा ओलांडून पलीकडे उतरला तरी "अजून आवाज नाही" म्हणून टायमिंग वाढवत बसतो. तिथं डायनोचा (टॉर्क मोजायच्या मशीनचा) टॉर्क बघून थांबायचं, सेन्सरची वाट बघायची नाही.

पाना१३

ओके, मी माझं मागे घेतो 😅 पण माझ्या कंपनी ईसीयूच्या गाडीत लॉगमध्ये टायमिंग मधेच खाली जातं ते सगळं नॉकच समजायचं का?

लॅम्ब्डाताई

नाही. गिअर बदलताना किंवा ट्रॅक्शन कंट्रोल मध्ये पडलं की तो टॉर्क कमी करायला मुद्दाम टायमिंग पाडतो, क्षणभरच. नॉक रिटार्डचा चॅनल वेगळा लॉग कर, जमलं तर सिलिंडरवार. आणि इंटेकचं तापमान शेजारी ठेव, इंटरकूलर तापला की बरेच ईसीयू आपणहून टायमिंग काढून घेतात आणि लोक उगाच प्लग बदलत बसतात.

टर्बोवेडा

ताई, काका, बसलेत का? नसाल तर बसा.

आज लाइट लावला. पुलीची खूण बरोबर निघाली. सॉफ्टवेअरमध्ये १० लॉक, लाइटखाली १६. तीनदा बघितलं, ४००० लाही तेच १६, हलत नाही. माझं ट्रिगर व्हील ६०-२ आहे (६० दातांच्या जागा, त्यातले २ गाळलेले), म्हणजे एक दात ६ डिग्रीचा. सेटिंगमध्ये पहिला दात एकानं चुकलेला. म्हणजे मी जे १० म्हणून बघत होतो ते पहिल्या दिवसापासून १६ होते, क्रूझवर ४४, आणि त्यावर मी अजून ४ टाकणार होतो!! सेन्सर बिचारा खरंच बोलत होता.

दात दुरुस्त केला, लाइटखाली १० म्हणजे १०. खालच्या आरपीएमला जे जरा गुदमरल्यासारखं व्हायचं तेही गेलं. मग डायनोवर जाऊन ४००० पाशी एकेक डिग्री चढवली, दर पुलनंतर (पूर्ण ॲक्सिलरेटरच्या एका फेरीनंतर) इंटेक तापमान खाली येईपर्यंत थांबून. ११ आणि १२ ला टॉर्क वाढला, नॉक शून्य. १३ ला टॉर्क अजून वाढत होता पण तिसरा सिलिंडर एकदा बोलला. म्हणून १२ वर आलो आणि रोजच्यासाठी ११ ठेवलंय. मित्र १४ वर कसा चालतो माहीत नाही, त्याचा इंटरकूलर माझ्या दुप्पट आहे ते त्यानं आज सांगितलं.

जुना_फिटर

११ उत्तम. महिनाभर १६ वर पळालीये ती, तिसऱ्याचा प्लग काढ आणि पोर्सिलेनवर भिंगातून बघ, मिऱ्यापेक्षा बारीक चमकते ठिपके असतील तर ते ॲल्युमिनियम, पिस्टनवरून उडालेलं. फोटो टाक. कॉम्प्रेशनही मोजून ठेव चारही सिलिंडरचं.

टर्बोवेडा

प्लग काढलाय, ठिपके नाहीत, नुसता तपकिरी. कॉम्प्रेशन गेज उद्या मिळेल, आकडे टाकतो.