मदत हवी आहे: बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय, वॉचमनकाकांची राहायची सोय कशी करायची?

अंगणवेल

नमस्कार मंडळी. लिहिणं थोडं लांबेल, पण अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट येतात.

आम्ही ठाणे जिल्ह्यात राहतो. शहराचं नाव मुद्दाम देत नाही, कुणा कर्मचाऱ्याला उगाच त्रास नको. महिनाअखेर सगळ्यांनी फ्लॅटच्या चाव्या द्यायच्या आहेत. बिल्डर सभासदांना दरमहा भाडं देणार, दलाली देणार, टेम्पोचे पैसेसुद्धा देणार. करारात सगळं आहे, फक्त वॉचमनकाका नाहीत. मीटररूमशेजारच्या खोलीत ते कित्येक वर्षं राहताहेत. खोली म्हणजे एक खाट, पाण्याच्या पंपाचा स्विच आणि लोखंडी फळीवर स्टोव्ह. वय ६७, मूळचे परभणीकडचे. बायको गेली. मुलगा गावी आहे, पण दोघांचं पटत नाही. 'एक पाकीट देऊन मोकळं व्हायचं' असा कमिटीचा सूर आहे.

महापालिकेत बेघर निवाऱ्याचं काम जिथे बघतात तिथे गेले. झालेलं बोलणं असं:

"आत्ता कुठे झोपतात?"
"सोसायटीच्या खोलीत."
"मग ते बेघर नाहीत."
"पण महिनाअखेर खोली जाणार."
"गेली की या."

बाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, रजिस्टर उघडून दाखवलं. त्यात एक रकाना आहे, 'कुठे आढळले'. त्याखाली ओळीने पूल, स्टेशन, डेपो, देवळाची पायरी. जो अजून तिथवर पोचला नाही, त्याची नोंद करणार कशी?

नियम वाचले. २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने शहरांत दर लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास उघडा, असं सांगितलं. मग राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात, म्हणजे सगळे ज्याला एनयूएलएम म्हणतात त्यात, शहरी बेघरांसाठी निवारा हा भाग आला. माणशी निदान ५० चौरस फूट जागा, आणि निराधार वृद्धांसाठी वेगळी सोय करायलाही वाव. दुसरीकडे पंतप्रधान आवास योजना. तिच्या २०२४ मधल्या दुसऱ्या टप्प्यात परवडणाऱ्या भाड्याच्या घरांचाही घटक आहे, पण त्या इमारती उभ्या राहणार कधी आणि काकांना चावी मिळणार कधी!

म्हणजे एका टोकाला स्वतःचं घर, दुसऱ्या टोकाला हॉलमधली गादी. काकांची अडचण नेमकी मधली आहे. कुणाबरोबर खोली वाटून घेतली तर भाडं ते भरू शकतील, बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने रात्रपाळीचं कामही कबूल केलंय. अडलंय ते डिपॉझिटवर, आणि भाडेकराराला लागणाऱ्या कागदांवर. माणूस रस्त्यावर येऊ द्यायचा नसेल तर सगळ्यात कमी पैशात काम इथेच होतं, आणि एवढ्यासाठी एकही योजना मला सापडली नाही. तुमच्या महापालिकेत किंवा नगरपालिकेत अशी काही सोय आहे का? निवारा केंद्राचा अनुभव कुणाला आहे? त्यांच्या आधारवर अजून गावचाच पत्ता आहे, तो बदलू का?

नदीकाठ

ऑफिस सोडा, थेट केंद्रावर जा. चालवणारी बहुतेक एखादी संस्था असते, त्यांच्या व्यवस्थापकाशी बोला. आमच्या शहरात आधी पोलीस ठाण्याची नोंद मागतात, ते विचारून घ्या. रात्री जेवणाच्या सुमाराला गेलात तर खरं चित्र दिसेल. संडास किती लांब आहे, जिना आहे का, आणि मुख्य म्हणजे सामानाला कुलूपबंद कपाट आहे का ते बघा. मी तिथे अधूनमधून मदतीला जातो. म्हातारी माणसं जेवणावरून सहसा कुरकुरत नाहीत, पण पिशवीतलं पासबुक हरवलं की दुसऱ्या दिवशी निघून जातात.

केंद्र मान्यताप्राप्त असेल तर तिथल्या प्रमुखाच्या सहीशिक्क्याने आधारच्या ठरावीक नमुन्यात पत्त्याचा दाखला मिळू शकतो. नगरसेवक किंवा आमदारही तो देऊ शकतात. मतदार यादीचं म्हणाल तर घर नसलेल्यांचंही नाव लागतं. माणूस सांगितलेल्या जागी खरंच झोपतो का हे बघायला बीएलओने, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या स्थानिक कर्मचाऱ्याने, रात्री यायचं असतं.

सातबारा

पत्ता बदलायची घाई नको! ६५ च्या पुढे आहेत ना, मग श्रावणबाळ योजनेचं बघा. दरमहा १५०० रुपये. वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत आणि राज्यात १५ वर्षांचा रहिवास लागतो. आधार गावचं असेल तर तिकडच्याच तहसीलला अर्ज सोपा जाईल. गाडी अडेल ती उत्पन्नाच्या दाखल्यावर. रात्रपाळीचा पगार धरला तर ते बसणार नाहीत, तेव्हा काम की पेन्शन हे त्यांनाच ठरवू द्या.

मुलाविरुद्ध २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांकडे निर्वाह खर्चाचा अर्ज करता येतो. महिना १०,००० पर्यंत मिळू शकतात. ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००.

टपरीवरचा

एवढा काथ्याकूट कशाला? बिल्डर तुम्हा सगळ्यांना भाडं देणार आहे. पहिल्या महिन्यात प्रत्येकाने त्यातले पाचशे-हजार काढले की डिपॉझिट झालं. बिल्डरलाही साइटवर वॉचमन लागेलच की.

अंगणवेल

सगळ्यांचे आभार. @टपरीवरचा, वर्गणी सुरू केलीय, पण काहीजण पाकिटाच्या पुढे सरकत नाहीत. बिल्डरची स्वतःची एजन्सी आहे, ती साठीवरचा माणूस घेत नाही.

@सातबारा, मुलाचं काकांच्या कानावर घातलं. "पोरावर अर्ज? नको," म्हणाले आणि पंप बंद करायला उठून गेले. तो विषय संपला. पेन्शनचं मात्र विचारतेय, आणि आधार तूर्त आहे तसंच ठेवते.

@नदीकाठ, कपाटाचं माझ्या डोक्यातही आलं नसतं. उद्या जेवणाच्या वेळेला केंद्रावर जाते, काकांना घेऊनच. तरी पहिली पसंती खोलीलाच. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ या पट्ट्यात दोघांत वाटून घेता येईल अशी तळमजल्याची खोली कुणाला माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गुडघ्यांमुळे त्यांना जिना जमत नाही. भाडेकरार रीतसर करू, पोलिसांना कळवायचं कामही मी बघेन. घरमालकाला ओळखीचं कुणी हवं असेल तर माझं नाव द्यायला माझी हरकत नाही.