कुत्र्याला विमानात न्यायचं, तर नियम काउंटरवरच का कळावा?

परभणीची_मावशी :

आमचा बंड्या आठ वर्षांचा आहे. ज्यांच्याकडून आणला त्यांनी पॉमेरियन म्हणून दिला, डॉक्टर म्हणाले हा इंडियन स्पिट्झ. आमचे हे एप्रिलमध्ये निवृत्त झाले. लेक बंगळुरूला आहे, म्हणून बिऱ्हाड तिकडं हलवायचं ठरलं.

आपल्याकडचं मोठं विमानतळ म्हटलं की संभाजीनगरचं चिकलठाणा. तिथून जास्त विमानं इंडिगोची, आणि अपंग प्रवाशाचा सहायक कुत्रा सोडला तर इंडिगो पाळीव प्राणी नेत नाही. त्यांनी ते आधीच स्पष्ट लिहून ठेवलंय, म्हणून त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. आम्ही मुंबईहून दुसऱ्या एका कंपनीची तिकिटं काढली. आधी फोन करून विचारलं. उत्तर मिळालं, "कॅबिनमध्ये चालेल, वजन मर्यादेत हवं, रेबीजच्या लसीचं पुस्तक आणि डॉक्टरांचं फिटनेस सर्टिफिकेट आणा." गल्लीतल्या किराणा दुकानाच्या काट्यावर बंड्याला बसवलं. वजन मर्यादेत भरलं. त्याच्या जागेचे पैसेही भरले.

भाड्याच्या गाडीनं जालन्याहून समृद्धीला लागलो आणि पहाटे मुंबई विमानतळावर पोचलो. काउंटरवरच्या मुलीनं बंड्याची बॅग काट्यावर ठेवली. सातशे ग्रॅम जास्त. वजन बॅगेसकट धरतात हे फोनवर कुणी सांगितलंच नव्हतं. मी आतला टॉवेल काढला. पाण्याची वाटी काढली. वासानं शांत राहतो म्हणून त्याच्याखाली माझ्या जुन्या सुती साडीची घडी घातली होती, तीही काढली. तरी चारशे ग्रॅम जास्तच. तो जाळीतून माझं बोट चाटत होता आणि मी त्याच्या अंगाखालची साडी ओढत होते.

मग म्हणाले, सामानाच्या कप्प्यातून पाठवा. पण कप्प्यात मऊ बॅग चालत नाही, कडक पिंजरा लागतो, आणि बुकिंग आधी करावं लागतं. विमान गेलं. तिकिटाचे बहुतेक पैसे कापले. गाडीवाला भिवंडीच्या पुढं गेला होता, त्याला परत बोलावलं आणि त्याच गाडीत परभणीला आलो.

प्राण्याचे वेगळे पैसे घ्यायला माझी ना नाही. पण तीन गोष्टी पैसे घेण्याआधी सांगाव्यात : वजन बॅगेसकट की नुसतं, बॅगेची लांबी-रुंदी-उंची किती, आणि नाकारलं तर पैशाचं काय. माणसाला कन्फर्म तिकीट असून जागा नाकारली तर डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) नियमानं भरपाई आहे. जिवंत प्राण्यासाठी निदान भरलेले पैसे तरी परत मिळावेत की नाही?

जालना_प्रवासी :

मावशी, तुमचा त्रास खराच आहे, पण शेवटचा मुद्दा पटला नाही. ती भरपाई कशासाठी आहे? कंपनीनं जागेपेक्षा जास्त तिकिटं विकली आणि तुम्हाला खाली ठेवलं, त्यासाठी. एका तासाच्या आत सुटणारं दुसरं विमान दिलं तर तेव्हाही काही मिळत नाही. तुमच्या बाबतीत जागा होती, वजन जास्त होतं. माझी बॅग जास्त भरली तर मी पैसे भरतो नाहीतर सामान काढतो, कंपनीकडं भरपाई मागत नाही.

आणि कॅबिनबद्दल एका बापाचं ऐकाच. माझं लेकरू सहा वर्षांचं आहे, त्याला दमा आहे. मांजर जवळ आलं की वीस मिनिटांत छाती वाजायला लागते. मांजराची ॲलर्जी नुसत्या केसांची नसते. तिच्या थुंकीतलं आणि कातडीतलं प्रथिन कपड्यांवर, सीटवर चिकटून राहतं. चार तास बंद विमानात कुणाच्या मांजरामुळं त्याला नेब्युलायझर लावायची वेळ आली तर कुणाला विचारायचं? मला तर तिकीट काढताना शेजारच्या सीटखाली प्राणी आहे हेही कळत नाही. नियम कडक आहेत ते बरंच आहे. माझ्या मते अजून कडक हवेत.

परभणीची_मावशी :

जालन्याचे भाऊ, लेकराचं ऐकून वाईट वाटलं. पण तुम्ही मागताय तेच मी मागतेय. तुम्हाला आधी कळायला पाहिजे, मलाही आधी कळायला पाहिजे.

विमानतळ_रॅम्प :

मी एका विमानतळावर ग्राउंड हँडलिंगला आहे, बारा वर्षं झाली. दोन्हीकडचं सांगतो.

वजन बॅगेसकट का? कारण बॅग समोरच्या सीटखाली जाते. उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी ती तिथंच पाहिजे, मांडीवर नाही. विमानातून घाईनं खाली उतरायची वेळ आली तर ती कुणाच्या पायात येता कामा नये. म्हणून वजन आणि माप दोन्ही धरतात. एका विमानात मोजकेच प्राणी घेतात, म्हणून आधी बुकिंग लागतं. अकासा एअर या विमान कंपनीनं नोव्हेंबर २०२२ मध्ये प्राणी घ्यायला सुरुवात केली तेव्हा कॅबिनची मर्यादा ७ किलो जाहीर केली, पिंजऱ्यासकट, आणि पुढं ती १० केली. असा "पिंजऱ्यासकट" हा शब्द लिहिलेला असला की काउंटरवर भांडण होत नाही. मावशींच्या फोनवर तो एक शब्द राहिला.

खालच्या कप्प्याबद्दल लोकांना वाटतं तिथं गोठून मरतात. प्राणी नेतात त्या कप्प्यात हवेचा दाब आणि तापमान राखलेलं असतं, आणि आत जिवंत प्राणी आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. कोरडा बर्फ असेल तर त्याच्यापासून लांब ठेवतात, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. धोका विमानात नाही, विमान उभं करतात त्या उन्हातल्या जागेत आहे. उड्डाण लांबलं आणि ट्रॉली उन्हात उभी राहिली की पिंजऱ्याचं प्लॅस्टिक हाताला चटका देतं. मी स्वतः पिंजऱ्यावर ताडपत्री धरून उभा राहिलोय. ते कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.

जालना_प्रवासी :

म्हणजे नियम बरोबर, फोनवरच्या माणसाची चूक. मग नियम बदला कशाला म्हणायलेत सगळे?

उदगीर_पशुवैद्य :

सगळ्यांनी थोडं कुत्र्याच्या बाजूनंही बघावं.

पग, बुलडॉग, शिह त्झू, पर्शियन मांजर, म्हणजे चपट्या नाकाचे जीव सामानाच्या कप्प्यातून पाठवूच नका. त्यांचा श्वासाचा मार्गच अरुंद असतो. कुत्रं घामानं नाही, धापा टाकून अंग थंड करतं. घाबरलं, गरम झालं आणि नाक आखूड असलं तर धापा पुरत नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक खात्यानं २०१० मध्ये आकडे दिले होते : मे २००५ पासून विमानप्रवासात मेलेल्या १२२ कुत्र्यांपैकी जवळपास निम्मी चपट्या नाकाची. बऱ्याच कंपन्या या जातींना कप्प्यात घेत नाहीत. ग्राहक माझ्यावर चिडतात, पण कंपनी बरोबर असते.

दुसरं, झोपेची गोळी. दर आठवड्याला कुणीतरी मागतं. मी देत नाही. विमानात कॅबिनचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तसा असतो. गुंगीत रक्तदाब उतरतो, तोल जातो, आणि कप्प्यात बघायला कुणी नसतं. त्याऐवजी महिनाभर आधी पिंजरा घरात उघडा ठेवा, त्यातच जेवण द्या. कुत्र्याला त्यात उभं राहता, वळता आणि पसरून झोपता आलं पाहिजे. आंतरराष्ट्रीय नियमही हेच सांगतात.

माझं स्पष्ट मत : परभणीत मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो. त्या दिवसांत हौसेसाठी कुत्रं विमानात न्यायला माझा विरोध आहे. मावशींचं घरच हलतंय, ती गोष्ट वेगळी. पण चार दिवसांच्या गोव्याच्या सहलीला पग घेऊन जायचा म्हणून सर्टिफिकेट मागायला येतात त्यांना मी परत पाठवतो.

नंदीग्रामचा_नेहमीचा :

रेल्वे आहे की. विमानाचा हट्ट कशाला? फर्स्ट एसीचा दोन बर्थचा कूपे किंवा चार बर्थचं केबिन पूर्ण घ्या, कुत्रं तुमच्याबरोबर.

परभणीची_मावशी :

दादा, तेही बघितलं. कूपे पूर्ण आपलाच मिळेल याची खात्री आधी देत नाहीत. टू एसी, थ्री एसी, स्लीपर, चेअर कार, कुठंच कुत्रं चालत नाही. राहिला गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स. ती लोखंडी पेटी मी नांदेड स्टेशनवर बघितली. वाकून आत बघितलं तर तळाशी गंज होता आणि जाळीला कुणाचे तरी केस अडकलेले होते. आठ वर्षं माझ्या पायाशी झोपलेला जीव रात्रभर त्या अंधारात ठेवायला मन होईना.

हिंगोली_शिवार :

मी शेतकरी आहे. घरी लालकंधारीची बैलजोडी आणि दारात दोन कुत्री. या जनावरांवर जीव आहे म्हणूनच लिहितोय.

कुत्रं जागेचं असतं. आमचा काळू शेताचा बांध सोडत नाही. तुम्ही त्याला फ्लॅटमध्ये न्यायला काय-काय सोसायला लावायलात बघा. बॅग, काटा, गर्दी, आवाज. मावशी, परभणीतच भावाकडं, शेजाऱ्याकडं ठेवला असता तर? आणि एका जिवाच्या प्रवासावर एवढे हजार घालवणं मला जड जातं. आमच्याकडं जनावराला टेम्पोतून दवाखान्यात न्यायचं तर आधी डिझेलचा हिशोब होतो. पैसा असला म्हणून सगळ्यावर घालवायचा का?

जालना_प्रवासी :

हिंगोलीकर, पैशाचं राहू द्या, तो ज्याचा त्याचा प्रश्न. पण जागेचं बोललात ते पटलं.

परभणीची_मावशी :

मला नाही पटलं. तुमच्या काळूला बांध आहे, बंड्याला बांध म्हणजे आम्हीच. मी चार दिवस माहेरी गेले तर हा भाकरीला तोंड लावत नाही. शेजाऱ्याकडं ठेवायचं म्हणता, पण बदली झाली, घर बदललं म्हणून सोडून दिलेली पट्टेवाली कुत्री आमच्या कॉलनीत तीन आहेत. गळ्यातला पट्टा तसाच. न्यायची सोय अवघड झाली की लोक सोडून देतात. हा खर्च कुणी धरत नाही.

संभाजीनगर_ते_म्युनिक :

मी मांजर घेऊन जर्मनीला आलो, म्हणून मावशींच्या बाजूनं. युरोपचे नियम आपल्यापेक्षा कितीतरी कडक आहेत. आधी मायक्रोचिप, मग रेबीजची लस, लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबायचं. रेबीजबाबत सवलत दिलेल्या देशांच्या त्यांच्या यादीत भारत नसल्यामुळं ही वाट आपल्याला चुकत नाही. बाहेर नेण्याचा दाखला केंद्राच्या प्राणी क्वारंटाइन कार्यालयातून घ्यायचा. ती मोजक्या शहरांत आहेत, मराठवाड्यात एकही नाही, मी मुंबईला गेलो. खर्च माझ्या स्वतःच्या तिकिटापेक्षा जास्त झाला.

पण प्रत्येक पायरी कागदावर होती. किती दिवस, कोणता शिक्का, पिंजऱ्याच्या किती बाजूंनी हवा. चार महिने तयारी केली आणि काउंटरवर पाच मिनिटांत मोकळा झालो. कडक नियमाचं मला कधीच वाईट वाटलं नाही.

जालना_प्रवासी :

हे पटतं. पण मग प्रवाशालाही कळवा. माझ्या रांगेत प्राणी आहे तर मला फुकटात सीट बदलून द्या. दोन्ही बाजूंनी लेखी होत असेल तर माझा विरोध निम्मा झाला. कॅबिनला मात्र आहेच.

विमानतळ_रॅम्प :

सीट बदलणं चेक-इनला बऱ्याचदा होतं. लेकराच्या दम्याचं डॉक्टरांचं पत्र दाखवून आधीच सांगत जा.

परभणीची_मावशी :

आम्ही येत्या शनिवारी रस्त्यानंच निघतोय. नांदेड, हैदराबाद, कर्नूल, मग बंगळुरू. डॉक्टर, त्याला गाडीत पाणी कधी द्यायचं?

उदगीर_पशुवैद्य :

निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी चालेल. दर दोन तासांनी थांबा, सावलीत उतरवा, थोडं-थोडं पाणी द्या. रस्ता तापायच्या आत पहाटे निघा. हैदराबादला मुक्काम करा. आणि ती साडी बरोबर घ्या.