राजहंसगडावरून दिसलेले ढग मधल्या थरातले होते का?

प्रश्न (खानापूर): काल सकाळी राजहंसगडावरून पाहिले, तेव्हा येळ्ळूरच्या शिवारावर मेंढरांच्या कळपासारखे पांढरे पुंजके पसरले होते, दुपारी त्यांच्या जागी राखाडी पडदा आला. हे मध्यम उंचीचे ढग म्हणायचे का?

प्रतिसाद (बेळगाव): पुंजके बहुधा अल्टोक्युम्युलस, म्हणजे मधल्या थरातले पुंजक्यांचे ढग असावेत. हात लांब करून बोटे धरावीत. क्षितिजापासून बऱ्याच वर असलेला पुंजका एक ते तीन बोटांइतका रुंद भरला, तर तो अल्टोक्युम्युलस, आणि करंगळीमागे पुरता लपला, तर त्याहून उंचावरचा सिरोक्युम्युलस. उष्ण कटिबंधात मधला थर साधारण २ ते ८ किलोमीटर उंचीवर मानतात.

प्रतिसाद (निपाणी): सहमत आहे, मात्र पडद्याच्या बाबतीत माझी अनेकदा फसगत झाली आहे. आता मी आधी अंगणातल्या तुळशीवृंदावनाची सावली पाहतो. सावली पडत नसेल आणि सूर्य दुधी काचेमागच्या दिव्यासारखा अंधूक दिसत असेल, तर तो अल्टोस्ट्रॅटस, म्हणजे मधल्या थरातला पसरट ढग. सूर्याभोवती खळे दिसले, तर तो उंचावरचा सिरोस्ट्रॅटस.

खानापूर: आभारी आहे. सावली नव्हतीच, संध्याकाळी सूर्य पार झाकला जाऊन संथ पाऊस लागून राहिला.

निपाणी: म्हणजे अल्टोस्ट्रॅटस दाट होत निंबोस्ट्रॅटस (संथ पाऊस देणारा जाड, राखाडी ढग) झाला असावा.