बँकेतली उन्हाळी इंटर्नशिप: तुमचे अनुभव सांगा

रेवा_सूत
काल भाचीचा फोन आला, सोमवारपासून एका बँकेत दोन महिने इंटर्नशिप आहे, मावशी तू पण केलेलीस ना, तिथे नक्की करायला काय लावतात गं? उत्तर देता देता मला रात्रभर झोपच नाही, सगळं डोळ्यासमोर यायला लागलं, म्हणून हा धागा.

मी एमबीएचं पहिलं वर्ष संपवून २०११ च्या मे-जूनमध्ये इचलकरंजीतल्या एका शाखेत होते. पहिले आठ दिवस चेकबुकं वाटली आणि झेरॉक्सवर 'मूळ प्रत पाहिली' चा शिक्का मारला. मग कर्ज विभागातल्या साहेबांनी हाक मारली, पोरी, सीसीच्या फायली बघतीस का? सीसी म्हणजे कॅश क्रेडिट. यंत्रमागवाल्याला सूत आज घ्यावं लागतं आणि कापडाचे पैसे दोन-तीन महिन्यांनी येतात, मधल्या काळासाठी हे लिमिट. माल बँकेला नजरगहाण, म्हणजे राहतो त्याच्याच गोदामात पण हक्क बँकेचा. दर महिन्याला त्याने स्टॉक स्टेटमेंट द्यायचं आणि त्यावरून आपण डीपी, म्हणजे ड्रॉइंग पॉवर काढायची, की या महिन्यात किती उचलू शकतो.

एका मागवाल्या काकांचं स्टेटमेंट माझ्याकडे आलं. सूत आणि कापड मिळून २४ लाख, सूतवाल्याचं देणं ५ लाख, राहिले १९, त्यातून २५ टक्के मार्जिन, म्हणजे त्यांचा स्वतःचा वाटा, गेलं की १४ लाख २५ हजार. खात्यात उचल १३ लाख ८०. मी म्हटलं बसतंय. साहेब म्हणाले चल, बघून येऊ. गोदामात खळीचा वास, शेजारी मागांची खटखट एवढी की ओरडून बोलावं लागत होतं. साहेबांनी तागे मोजले, मग सगळ्यात खालच्या रांगेतला एक ओढून काढायला लावला आणि घडीची कड बोटाने चोळून बघितली, पिवळी पडलीय का म्हणून. नव्हती. माल सगळा जागेवर होता, काका खरं बोलत होते. पण त्या वर्षी मार्चपर्यंत कापूस कधी नव्हे एवढा चढलेला आणि नंतर धाडकन उतरलेला, सुताचा भाव पण त्याच्या मागोमाग. काकांनी लिहिलेला भाव खरेदीचा, आणि बँक धरणार खरेदी किंवा बाजार यातला जो कमी तो. परत मांडलं तर माल १९ लाख, देणं वजा जाता १४, मार्जिन वजा जाता साडेदहा. म्हणजे खातं डीपीच्या ३ लाख ३० हजारांनी बाहेर. आणि त्यांचा सायझिंगवाल्याला, म्हणजे सुताला खळ लावून देणाऱ्याला, दिलेला चेक दुसऱ्या दिवशी क्लिअरिंगला येणार होता.

तो आकडा मी माझ्या हाताने लिहिला. काका समोर बसलेले, चहा तसाच, कपावर साय धरलेली. मला म्हणाले, ताई, माल तर तुम्ही मोजलासा की. मला काय बोलावं सुचेना.

तुमचे पण लिहा, काहीही चालेल.

लेजरकाका
रेवा, छान लिहिलंस. मी ७८ साली क्लार्क म्हणून लागलो, इंटर्नशिप वगैरे शब्द नव्हता, पण नवीन पोराला पहिले दोन महिने असंच वागवायचे. तेव्हा बँकेचं वर्ष ३१ डिसेंबरला संपायचं, लेजरचं बॅलन्सिंग जुळेपर्यंत घरी कोणी जायचं नाही. एकदा ५४ रुपयांचा फरक, रात्रीचे अकरा वाजले. हेडक्लार्क आले, म्हणाले ९ ने भाग जातोय का? जातोय. मग आकडा उलटा पडलाय कुठेतरी, तेवढंच शोध. सापडला, ३९३ चे ३३९ केलेले मीच. अजून सुद्धा किराण्याचा हिशोब चुकला की मी आधी ९ ने भागतो. घरचे वैतागतात.

पावसाळी२२
माझा अनुभव एवढा चांगला नाही. पुण्यात, खाजगी बँक, नाव नको. कर्ज, फायली काहीच नाही, रोज फोनची यादी द्यायचे, क्रेडिट कार्ड आणि खाती विका. दहा खाती आणा तरच सर्टिफिकेट. मी मामाचं, आत्याचं, शेजारच्या काकूंचं उघडलं. पुढे आत्याच्या खात्यात मिनिमम बॅलन्स नाही म्हणून पैसे कापले गेले, ती मला काही बोलली नाही पण आईला बोलली. अजून वाईट वाटतं. रेवा तुझ्या भाचीला सांग, पहिल्याच दिवशी विचार, मला कुठल्या डेस्कवर बसवणार.

निशिगंधा_के
अगं यात तुझा काय दोष, वीस वर्षांच्या मुलीला टार्गेट देतात म्हणजे काय!! आत्याला एकदा भेटून ये बघ, जाताना आंबे ने, सीझन आहे.

वऱ्हाडी_पोट्टा
मी यवतमाळ जिल्ह्यात एका खेड्यातल्या शाखेत होतो २०१९ ला, मे महिना, ऊन विचारू नका, त्यात पीक कर्जाची गर्दी. सकाळी आठपासून लोक पायरीवर, हातात पिशवी, पिशवीत सातबारा, आठ-अ, बाकीच्या बँकांचे नो ड्यूज, म्हणजे कर्ज बाकी नसल्याचे दाखले. नो ड्यूजसाठी माणूस दिवसभर तीन गावं फिरून यायचा आणि सातबारा जुना निघाला की परत तलाठ्याकडे. माझं काम रांगेतच पिशवी उघडून बघायचं, काय कमी आहे ते आधीच सांगायचं, म्हणजे काउंटरवर जाऊन वापस नको यायला. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दोन दिवस लोकांचे हाल बघून मीच मॅनेजरला विचारून सुरू केलं.
एका आजोबांचा अंगठा मशीनवर उमटेच ना. ओल्या फडक्यानं पुसला, दुसरं बोट, तिसरं, नाही. ते म्हणाले बाप्पा, रेघा वावरात गेल्या. शेवटी डाव्या हाताची करंगळी लागली आणि सगळी रांग "लागली लागली" करून ओरडली. मी आता दुसऱ्याच नोकरीत आहे पण ती करंगळी विसरत नाही.

निशिगंधा_के
डोळ्यात पाणी आलं वाचून.

तांबडीमाती
सोनेतारणाचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. लातूरला होते, जूनचा पहिला आठवडा, पेरणी आणि शाळेची फी एकदमच येते. सराफ काका कोपऱ्यात कसोटीचा दगड घेऊन बसायचे, दागिना घासायचा, ॲसिडचा थेंब टाकायचा, रेघ राहते का बघायची. मग वजनातून मणी, खडे, आतली लाख वजा. बायकांना वाटायचं तीन तोळे, निव्वळ वजन निघायचं सव्वादोन, आणि तेव्हा त्याच्या किमतीच्याही ७५ टक्क्यांपर्यंतच कर्ज मिळायचं. तो फरक सांगायचं काम माझ्याकडे. सराफ काकांनी शिकवलं, वजन करताना काटा त्यांच्याकडे फिरवून ठेव, त्यांना स्वतः दिसू दे. तेवढ्यानं निम्मी भांडणं थांबली. डबी सील करून पाकिटावर सही होईपर्यंत त्या बायका उठायच्या नाहीत, आणि बरोबरच आहे.
कुकर झालाय, नंतर येते.

शंकानिरसन
थोडं अवांतर. माझ्या आईची ९ लाखांची एफडी एका सहकारी बँकेत आहे, दोन शाखांत मिळून. आता धागा वाचून काळजी वाटायला लागली. विमा असतो ना?

लेजरकाका
असतो. २०२० पासून ५ लाख, आधी १ लाख होता. पण तो एका बँकेत एका माणसाला, मुद्दल आणि व्याज धरून, सगळ्या शाखा मिळून. दोन शाखा म्हणजे दोन विमे नव्हेत. मुदत संपली की निम्मी दुसऱ्या बँकेत ठेवा, आईंना नीट समजावून.

शंकानिरसन
धन्यवाद काका, हेच समजत नव्हतं.

पावसाळी२२
रेवा, त्या मागवाल्या काकांचं पुढे काय झालं ते सांगितलंच नाहीस.

रेवा_सूत
सॉरी, मुलाची परीक्षा चालू आहे. साहेबांनी काकांना उठू दिलं नाही. तिथेच त्यांच्या वहीतून येणी काढली, कोणाकडून किती आणि किती दिवसांची, मला कागदावर उतरवायला लावली. मग काकांनी आमच्या टेबलावरूनच व्यापाऱ्यांना फोन लावले. सायझिंगवाल्याला पण, की चेक चार दिवस थांबवा, तो थांबला. शनिवारी दोन लाख आले, पुढच्या आठवड्यात बाकीचे. साहेब मला म्हणाले तू चूक काही केली नाहीस, पण आकडा लिहिल्यावर टेबल सोडून जायचं नाही. काकांनी शेवटच्या दिवशी पांढऱ्या पॉपलिनचा एक तुकडा आणून दिला, साहेबांनी घेऊ दिला नाही, नियम म्हणून. काकांचं तोंड एवढंसं झालं. मला तो तुकडा घ्यायचा होता, खरं सांगते.

सायझिंगवाला
ताई, २०११ ला आमचंच सायझिंग होतं इचलकरंजीत, चेक थांबवायचे असे फोन त्या मे महिन्यात बाबांना रोज यायचे. कुठला भाग तो? आता बंद आहे आमचं, शेड भाड्यानं दिलीय.

रेवा_सूत
अरे देवा. थांबा, व्यनि करते.