वस्तीचे प्रश्न छायाचित्रांतून मांडताना चेहरे दाखवावेत का? (नागपूर)

नागकाठ यांचा प्रश्न:
नमस्कार. २३ सप्टेंबर २०२३ रोजी अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीचे पाणी घराघरांत शिरले. तेव्हापासून आम्ही काही तरुण नदीकाठच्या आमच्या वस्तीची छायाचित्रे मोबाइलवर काढत आहोत. खचलेली संरक्षक भिंत, उंबरठ्याला लागणारे सांडपाणी, हातमोज्यांशिवाय गटार उपसणारे कंत्राटी कामगार असे बरेच काही त्यांत आहे. हिवाळी अधिवेशनाच्या सुमारास प्रदर्शन भरवून निवेदनासोबत निवडक छायाचित्रे द्यावीत, असा विचार आहे. मात्र मागे एका कार्यालयाने "ही इथलीच आहेत कशावरून?" असे विचारून आमची छायाचित्रे परत केली. दुसरी अडचण अशी की, ज्या छायाचित्रांपुढे माणूस थबकतो त्यांतच चेहरे आहेत आणि त्यांपैकी काहींना आपला चेहरा भिंतीवर लागलेला नको आहे. चेहरे वगळले तर उरते ती नुसती घाण. काय करावे?

जुनी निगेटिव्ह यांचे उत्तर:
कार्यालयाचा प्रश्न उद्धट असला तरी बिनतोड आहे, म्हणून आधी त्याविषयी. छायाचित्रकार लुइस हाइन यांनी १९०८ पासून अमेरिकेतील नॅशनल चाइल्ड लेबर कमिटी या बालमजुरीविरोधी संस्थेसाठी गिरण्या आणि खाणींतील बालकामगारांची छायाचित्रे काढली. मालक आत येऊ देत नसत, म्हणून ते वेगवेगळी सोंगे घेऊन शिरत, मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या गुंड्यांवरून ताडत आणि खिशातल्या खिशात वहीवर नाव, वय, काम टिपून घेत. त्या नोंदींमुळेच त्या छायाचित्रांना पुराव्याचे वजन आले.

तुमच्याकडे हेच काम मोबाइल करतो. मूळ फाइलमध्ये तारीख आणि वेळ असते, लोकेशन सुरू असल्यास ठिकाणही असते. परंतु तेच छायाचित्र व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवले की ही माहिती गळून पडते. म्हणून मूळ फाइली वेगळ्या जपून ठेवा. भिंतीचे छायाचित्र घेताना शेजारच्या विजेच्या खांबावरचा क्रमांक चौकटीत येऊ द्या आणि दर महिन्याला त्याच जागेवरून पुन्हा घ्या. प्रकरण न्यायालयात गेलेच, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालील, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे प्रमाणपत्र लागेल. त्यासाठीही मूळ फाइल हाताशी असलेली बरी.

ओसरी यांचे उत्तर:
'उरते ती नुसती घाण' हे मला पटत नाही. सुनील जाना यांनी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची काढलेली छायाचित्रे कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातून देशभर पोहोचली आणि त्यांनी मोठे काम केले, यात शंका नाही. पण त्यांतील माणसांना 'हे छापू नका' म्हणण्याची सोय नव्हती. तुमची माणसे तर तुमच्या भिंतीला भिंत लावून राहतात. छापील प्रत आधी त्यांच्या हाती द्या आणि नको म्हटले तर विषय संपला.

कामगारांच्या बाबतीत मी याहून कडक राहीन. सुरक्षा साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे हा हाताने मैला सफाईला बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, पण छायाचित्र झळकल्यावर कारवाई कंत्राटदारावर होण्याआधी गंडांतर त्या कामगाराच्या रोजीवर येते. कोपरापर्यंत गाळाने माखलेले उघडे हात आणि बाजूला ठेवलेले फावडे एवढे दाखवले तरी पाहणाऱ्याला समजते. सुधारक ओलवे यांच्या मुंबईतील सफाई कामगारांच्या छायाचित्रांत चेहरे आहेत, हे खरे. परंतु त्यामागे त्या कामगारांशी दीर्घकाळ जोडलेले नाते आहे. तसे नाते नसताना नुसती चौकट उसनी घेऊ नये.

टेकडी रोड यांचे उत्तर:
अधिवेशन काळात रोज इतके मोर्चे निघतात की तुमचे निवेदन गठ्ठ्यात जाईल. प्रदर्शन आठवडाभर आधी वस्तीतच भरवा आणि पत्रकारांना तिथेच बोलवा, म्हणजे छायाचित्रातली भिंत त्यांना समोर दिसेल. निवेदनाच्या मजकुरातच प्रत्येक छायाचित्राचा क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहा, ते आवक विभागात द्या आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय हलू नका. मग छायाचित्रे परत करणाऱ्याला तसे लेखी द्यावे लागेल.

नागकाठ:
सर्वांचे आभार. ज्यांचा नकार आहे ती छायाचित्रे वगळत आहोत. खांबांचे क्रमांक नोंदवायलाही सुरुवात केली आहे. एकच शंका उरली: खर्च वाचवण्यासाठी सगळे फ्लेक्सवर छापले तर चालेल का?

ओसरी:
फ्लेक्स नको. आपल्याकडे फ्लेक्सवर चेहरा दिसला की लोक वाढदिवस कोणाचा तेवढे वाचून पुढे जातात. मॅट कागदावर मध्यम आकाराच्या प्रती काढून जाड पुठ्ठ्यावर चिकटवा आणि खालच्या दोन ओळी त्या घरातल्या माणसालाच सांगायला लावून जशाच्या तशा लिहा.