सर्टुइनच्या भरवशावर हृदयरोग्यांनी गोळ्या घ्याव्यात का?

कोयनाकाठ

ॲन्जिओप्लास्टी झालेल्या, हार्ट फेल्युअरचं निदान झालेल्या माणसांच्या घरी हल्ली एनएमएन नावाच्या पूरक गोळ्यांच्या डब्या दिसू लागल्या आहेत. कुणाचा मुलगा अमेरिकेहून पाठवतो, कुणी ऑनलाइन मागवतं. ‘याने सर्टुइन जागे होतात, हृदयाचं वय उलटं फिरतं’ असं सांगणारे व्हिडिओही सोबत येतात. माझं मत आधीच मांडतो: सर्टुइनचं शास्त्र खरं आहे, पण त्याच्या जोरावर हृदयरोग्याने मनाने गोळ्या सुरू करू नयेत. हे सांगायला त्याच शास्त्रातले आकडे पुरेसे आहेत.

ज्यांना विषय नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. सर्टुइन ही आपल्या पेशींमधली सात विकरं, सर्ट१ ते सर्ट७. इतर प्रथिनांवर चिकटलेले ॲसिटिलसारखे रासायनिक गट काढणं हे त्यांचं मुख्य काम. त्यासाठी त्यांना एनएडी नावाचा रेणू खर्ची घालावा लागतो, आणि वय वाढतं तसं बऱ्याच अवयवांत हे एनएडी कमी होत जातं. एनएमएनपासून शरीर एनएडी बनवतं, म्हणून त्या गोळ्या. १९९९ मध्ये एमआयटीतल्या लिओनार्ड ग्वारेंटे यांच्या प्रयोगशाळेने यीस्टमध्ये सर२ हे सर्टुइनचं जनुक वाढवलं आणि यीस्टचं आयुष्य वाढलं. तिथून ही सगळी गोष्ट सुरू झाली.

आता हृदयाकडे येतो. २००७ मध्ये न्यू जर्सीतल्या जुनिची सादोशिमा यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात सर्ट१ वेगवेगळ्या प्रमाणात वाढवून पाहिलं. अडीच पट ते साडेसात पट वाढवलं तेव्हा म्हातारपणी हृदयाची भिंत जाड होणं, पेशी मरणं, पंपिंग कमी होणं, हे सगळं आटोक्यात राहिलं. साडेबारा पट केलं तेव्हा त्याच सर्ट१ने हृदय आजारी पाडलं: पेशी जास्त मेल्या, भिंत जाड झाली, पंपिंग घसरलं. प्रथिन तेच, अवयव तोच, बदललं फक्त प्रमाण. डबीतली गोळी माझ्या हृदयात सर्ट१चं काम किती पटीने वाढवते, हे मोजायची सोय कुठल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे?

गुणसूत्र

तुमची काळजी समजते, पण युक्तिवाद पटत नाही. सर्ट१चा एक प्रयोग धरून तुम्ही सगळ्या सातांवर सावट आणताय.

सर्ट३ बघा. हा पेशीत ऊर्जा बनवणाऱ्या मायटोकॉन्ड्रियात असतो, आणि हृदयाच्या स्नायूइतकं काम मायटोकॉन्ड्रियावर टाकणारे अवयव फार थोडे. शिकागोच्या गटाने २००९ मध्ये दाखवलं की सर्ट३ नसलेल्या उंदरांची हृदयं ताण आल्यावर जास्त जाड होतात आणि सर्ट३ जास्त असलेल्यांची तग धरतात. २०१२ मध्ये त्याच गटाने सर्ट६वर काम केलं. सर्ट६ नसलेल्या उंदरांना हार्ट फेल्युअर झालं, आणि निकामी होत चाललेल्या माणसांच्या हृदयातही सर्ट६ कमी सापडला. दोन्ही कामांत पुढे असलेले एन. रवी सुंदरेसन आज बेंगळुरूच्या आयआयएससीत हाच विषय पुढे नेतायत. सर्ट७ नसलेल्या उंदरांच्याही हृदयाला सूज येते आणि ते लवकर मरतात.

इतक्या वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर येत असेल तर ‘गोळ्या नकोत’ एवढ्यावर थांबणं हा संशोधनावर अन्याय आहे. हृदय जाड का होतं, याचं मूळ इथे हाताला लागतंय.

कोयनाकाठ

मूळ हाताला लागतंय, मान्य. पण तुम्ही दिलेल्या उदाहरणांत जनुक काढलंय किंवा घातलंय. गोळी त्यातलं काहीच करत नाही.

गोळीचा इतिहासही समोर ठेवू. २००३ मध्ये लाल द्राक्षातलं रेझव्हेरेट्रॉल सर्ट१ला चालना देतं असं जाहीर झालं. २००६ मध्ये चरबीयुक्त आहारावरचे उंदीर त्याने जास्त जगले. २००८ मध्ये ग्लॅक्सो या औषधकंपनीने सर्टुइनवर औषधं शोधणारी सर्ट्रिस ही कंपनी ७२ कोटी डॉलरना विकत घेतली. पण चालना मिळतेय असं दिसलं होतं ते चाचणीसाठी जोडलेल्या चमकणाऱ्या रंगद्रव्यामुळे, असा आक्षेप २००५ पासून घेतला जात होता. २०१० मध्ये फायझरच्या शास्त्रज्ञांनी सर्ट्रिसच्या रेणूंबद्दलही तेच सांगितलं, आणि २०१३ मध्ये ग्लॅक्सोने सर्ट्रिसचं केंब्रिजमधलं ऑफिस बंद केलं. इटलीतल्या कियांती भागातल्या ७८३ वृद्धांच्या लघवीत रेझव्हेरेट्रॉलचे अंश मोजून त्यांच्यावर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०१४ मध्ये निकाल आला: ज्यांच्यात ते जास्त होतं त्यांना हृदयविकार कमी झाला नाही, ते जास्त जगलेही नाहीत.

आयुष्य वाढण्याचा मूळ दावाही डळमळलाच ना? २००१ मध्ये ज्या कृमींचं आयुष्य सर्टुइनमुळे वाढलं असं वाटलं होतं, त्यांच्यात दुसराच एक जनुकीय बदल लपलेला होता. २०११ मध्ये लंडनच्या गटाने संकर करून तो बाजूला काढला. जादा सर्टुइन तसाच राहिला, वाढलेलं आयुष्य मात्र गेलं.

दुधाने तोंड पोळल्यावर ताक फुंकून प्यायलं तर त्यात गैर काय?

मधुमालती

तुम्हा दोघांइतकं मला त्यातलं कळत नाही. माझं वय एकसष्ट, पंपिंग थोडं कमी आहे. मुलीने एनएमएन पाठवलं, ते घेतेय. जिना चढताना पूर्वी मध्येच थांबावं लागायचं, आता लागत नाही. हे ब जीवनसत्त्वाच्याच जातीचं आहे ना? मग त्यात भ्यायचं कशाला?

दवाखाना_मिरज

ताई, मी जनरल प्रॅक्टिस करतो. बरं वाटतंय याचा आनंदच आहे. पण ‘जीवनसत्त्वच आहे’ हा आधार धरू नका. ब३ म्हणजे नायसिन वर्षानुवर्षं हृदयरोग्यांना मोठ्या मात्रेत दिलं जायचं. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सुमारे २५ हजार रुग्णांच्या चाचणीत त्याने हार्ट ॲटॅक कमी केले नाहीत. उलट मधुमेह आणि रक्तस्राव वाढले. पुढे २०२४ मध्ये क्लीव्हलँडच्या गटाने दाखवलं की ज्यादा ब३ मोडून शरीरात ४पीवाय नावाचा पदार्थ तयार होतो आणि तो ज्यांच्या रक्तात जास्त, त्यांना हृदयविकाराचा धोकाही जास्त. एनएमएन मोडतं तेही त्याच वाटेने.

मला खरी भीती वेगळी आहे. ही डबी स्वस्त नसते. ती परवडावी म्हणून कोलेस्टेरॉलची स्टॅटिन किंवा बीपीची गोळी ‘एक दिवसाआड’ करणारे रुग्ण मी पाहिलेत. आपल्याकडे दक्षिण आशियात पहिला हार्ट ॲटॅक सरासरी त्रेपन्नाव्या वर्षी येतो, इतर देशांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी. असल्या माणसाने खात्रीची गोळी सोडून बिनखात्रीची घ्यायची, हे मला बघवत नाही.

गुणसूत्र

डॉक्टर, स्टॅटिन सोडू नये यावर वाद नाहीच. पण नायसिनची ती चाचणी कोलेस्टेरॉलसाठी होती, एनएडीसाठी नव्हे, आणि मात्रा रोजची दोन ग्रॅम होती. ४पीवायचा माणसांमधला पुरावाही संबंध दाखवतो, कारण सिद्ध करत नाही.

दुसरी बाजूही सांगा की. सिॲटलमध्ये हार्ट फेल्युअरच्या ३० रुग्णांवर निकोटिनामाइड रायबोसाइड या एनएमएनसारख्याच पदार्थाची बारा आठवडे चाचणी झाली; काहींना तो दिला, काहींना डमी गोळी. ज्यांना तो दिला त्यांच्या रक्तातलं एनएडी जवळपास दुप्पट झालं आणि औषध सोसलं.

दवाखाना_मिरज

आणि इकोमध्ये पंपिंग?

गुणसूत्र

फरक पडला नाही. पण तीस माणसांत आणि तीन महिन्यांत तो दिसेल अशी अपेक्षाच चुकीची आहे. म्हणूनच मोठी चाचणी हवी म्हणतोय. लोकांच्या मनात सर्टुइन म्हणजे फसवणूक असं एकदा बसलं की पैसा आटतो आणि चाचणी होतच नाही. डॅपाग्लिफ्लोझिनचंच घ्या. मधुमेहाचं औषध हार्ट फेल्युअरमध्ये इतकं चाललं कसं? पेशीला उपासमारीची जाणीव होते आणि सर्ट१ची वाट जागी होते, असं मिल्टन पॅकर यांच्यासारखे हृदयतज्ज्ञ मांडतात.

कोयनाकाठ

ती मांडणी मला मोहक वाटते, पण डॅपाग्लिफ्लोझिन रुग्णाच्या हातात आलं ते त्या मांडणीमुळे नाही. २०१९ मध्ये ४,७४४ रुग्णांच्या चाचणीत मृत्यू आणि ॲडमिशन कमी झाली म्हणून आलं. सर्ट१चा विचार नंतर जोडला गेला. सर्टुइनच्या गोळ्यांबाबत नेमकं उलट चाललंय: विचार आधी विकला जातोय आणि चाचणी मागे राहतेय. पैसा आटण्याचं म्हणाल तर माझ्या मते तो डब्या विकणाऱ्यांमुळे आटेल. घरबसल्या मिळणाऱ्या गोष्टीच्या चाचणीत कोण नाव नोंदवेल, आणि डमी गोळी मिळण्याची जोखीम कोण घेईल?

गुणसूत्र

हा मुद्दा वजनदार आहे. तरी ‘मनाने घेऊ नका’ आणि ‘यात काही नाही’ यातलं अंतर प्रत्येक वेळी स्पष्ट करत जा एवढंच म्हणेन. वाचणारे पहिलं वाचतात आणि दुसरं लक्षात ठेवतात.

मधुमालतीताई, तुमच्या हृदयतज्ज्ञांना एनएमएनचं सांगितलंय का?

मधुमालती

नाही सांगितलं. रागावतील असं वाटलं. पुढच्या तपासणीला डबी सोबत घेऊन जाते आणि बाकीच्या गोळ्या एकही चुकवलेली नाही हेही सांगते. पण जिना मी न थांबता चढते, तेवढं कुणी खोटं म्हणू नका.